कसरीच्या माथी

मी कसर बोलतेय. होय, तीच, लोकरीच्या कपड्यांना लागणारी. आधी तो उगारलेला हात खाली घ्या आणि मग ऐका. जन्मभर तुमच्या टाळ्या चुकवत आले मी. गाण्याला, भाषणाला वाजवता त्या टाळ्या नव्हेत. एवढंसं पाखरू हवेत दिसलं की दोन तळव्यांत चिरडायला वाजवता, त्या.

पहिली गोष्ट, जी उडते ती खात नाही. पंख फुटले की आम्हाला खायला धड तोंडही उरत नाही. खाते ती आमची अळी, आणि ती कपड्याच्या घडीत गुपचूप बसलेली असते. उडताना दिसतात तेही बहुतेक आमचे नर. आम्ही माद्या उडण्यापेक्षा पळतो. म्हणजे तुम्ही ज्याला टाळीत धरता, त्याचं खाणं केव्हाच संपलेलं असतं. खाणारा आत सुखरूप असतो. तुमच्या गिरणगावात तरी हे कोणी समजावून सांगायला नको होतं.

दुसरी गोष्ट नावाची. पुस्तकांच्या कपाटात तो चंदेरी, मासोळीसारखा सुळकन पळणारा किडा असतो ना, त्यालाही तुम्ही कसरच म्हणता. पोथ्या तो कुरतडतो, शिव्या मला. सुती चादरीला भोक पडलं तरी कसर. अहो, मी सूत खात नाही! आमच्या घराण्यात कापसाला कोणी तोंड लावलेलं नाही. लोकर, पिसं, केस, जनावराच्या अंगावर वाढलेलं जे काही असेल तेच आम्हाला पचतं. पण तुम्हाला त्याचं काय. मोजताना कमी भरलं की कसर, दुखण्यातून उठल्यावर पाय लटपटले की अजून थोडी कसर आहे. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस चाळीच्या पटांगणात उभा राहून म्हणाला, "आम्ही कसलीही कसर ठेवणार नाही." तेवढा एक माणूस शब्दाला जागला. त्याने खरंच काही ठेवलं नाही.

माझ्या नावाचा एकच शब्द तुम्ही बरा वापरता, काटकसर. तोही रखमासारख्यांच्या वाट्याला आला.

करी रोडला बुधाजी चाळ आहे, म्हणजे मी हे बोलतेय तोवर तरी आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या रखमा आजीच्या खोलीत माझा जन्म झाला. खोलीत कॉट, कॉटखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत एक कॉफी रंगाचा लोकरीचा कोट. त्या कोटाच्या कॉलरखाली माझ्या आईने अंडी चिकटवली आणि ती गेली. आमच्यात आई भेटत नाही. अंड्यातून बाहेर यायचं आणि समोर दिसेल त्याचा घास घ्यायचा, एवढंच आम्हाला येतं.

अळी असताना मी आधी घर विणलं. दोन्ही तोंडं उघडी असलेली बारीक नळी, तांदळाच्या दाण्यासारखी. माझंच रेशीम आणि कोटाचे तंतू. त्यामुळे माझं घरही कॉफी रंगाचं झालं. आम्ही जे खातो त्याच रंगाचं घर अंगावर घेऊन फिरतो, काही लपवत नाही. खाणंही माझं बेताचं. वरवरची लव कुरतडायची, इथे थोडी, तिथे थोडी, वेडीवाकडी. कॉलरच्या आत आणि खिशाच्या झाकणाखाली जी विरलेली जागा आहे ती माझी. ती मी नाकबूल करत नाही. पण त्या कोटाच्या छातीवर, डाव्या बाजूला, तळहाताएवढं चौकोनी भोक आहे. ते माझं नाही. माझ्या आईचं नाही, आजीचंही नाही. आणि त्या भोकावरूनच या घरात वर्षानुवर्षं आमच्या नावाने बोटं मोडली जात होती.

कोट रघुचा. रघु म्हणजे रखमाचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. रखमा त्याचं नाव घेत नाही, तिच्या तोंडी तो 'ह्येंचो कोट' असतो. या भागातल्या बहुतेक गिरण्या सुताच्या होत्या. रघु मात्र लोकरीच्या गिरणीत साच्यावर होता, म्हणजे मागावर. ब्लँकेटं आणि कोटाचं जाडजूड कापड विणायचा. एकदा त्याच्या ताग्यात कसर निघाली. मी नव्हे, विणीतली. दोन धागे सुटले होते. गिरणीने तो डागी माल म्हणून बाजूला काढला आणि कामगारांना दिला. आपल्याच हातची चूक घरी आणून रघुने तिचा कोट शिवून घेतला. सगळी चाळ हसली. मुंबईत कोट? रघुची सिमल्याला बदली झाली की काय, असं सूतगिरणीवाले शेजारी विचारायचे. रघुचं म्हणणं एवढंच, की जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर घालायला विणलं, एकदा आपल्याही अंगावर येऊ दे.

लग्नानंतर फोटो काढायला तो कोट घालून स्टुडिओत गेला आणि घामाने निथळत परत आला. त्या घामाची खारट चव कॉलरला अजून होती, मी चाखली आहे. मग कोट खुंटीवर गेला. मग संप झाला. मग गिरणी थांबली ती कायमची.

गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्या दारात रघु वॉचमन म्हणून उभा राहिला. ज्या जमिनीवर साचे चालवले तिथेच, रात्रपाळीला. तिथल्या एसीत त्याला मुंबईत पहिल्यांदा थंडी वाजली. तेव्हा खुंटीवरचा कोट खाली आला. सिक्युरिटी एजन्सीने छातीवर लावायला कापडी बिल्ला दिला, त्यावर इंग्रजीत सिक्युरिटी लिहिलेलं. रघुने तो स्वतःच्या हाताने शिवला. धाग्यातला माणूस तो. त्याची शिवण सहजी सुटणारी नव्हती.

आणि तिथेच सगळं बिनसलं. रघुचा मुलगा हितेंद्र तेव्हा नुकताच एका ऑफिसात चिकटला होता. त्याला दादरचं स्थळ सांगून आलं होतं. वडील गिरणीतून रिटायर झालेत, आता घरीच असतात, असं त्याने मुलीकडच्यांना सांगून ठेवलं होतं. ती माणसं खोली बघायला यायची होती त्या सकाळी रघु पाळीवरून आला, कोट खुंटीला लावला आणि गॅलरीत अंग टाकलं. खुंटी दारासमोर. आत पाऊल टाकणाऱ्याला पहिला तो बिल्लाच दिसणार. हितेंद्रने ब्लेडने शिवण उसवून पाहिली. बापाची शिवण ती, उसवेना. मग त्याने कात्री घेतली आणि बिल्ला कापडासकट कापून काढला.

मी तिथे नव्हते, माझी आईही नव्हती. पण चाळीतल्या शेवटच्या दिवशी या खोलीत जे बोललं गेलं ते मी कान देऊन ऐकलं, म्हणून सांगू शकते. संध्याकाळी रघु पाळीला निघाला, कोट हातात घेतला आणि भोक त्याच्या नजरेला पडलं. हितेंद्र म्हणाला, कसर लागली वाटतं. रघुने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, लागली असेल, डांबरगोळ्या आणायला हव्यात. कोट त्याने पुन्हा अंगावर घातला नाही. एसीत नुसत्या शर्टावर उभा राहिला आणि खोकत घरी येऊ लागला. लग्न झालं, दर्शना सून म्हणून घरात आली. कोट डांबरगोळ्यांसह ट्रंकेत गेला.

बघा, म्हणजे आम्ही तोवर या घरात आलोही नव्हतो. आमच्या आधी आमचं नाव आलं, आणि नावासोबत गोळ्या आल्या. पुढे गोळ्या विरल्या, घरातले बाहेर गेले की रखमा दर वर्षी कोटाला ऊन दाखवायला ट्रंक उघडू लागली, तेव्हा कुठे आमच्यापैकी कोणीतरी आत शिरलं. एवढी वर्षं आळ घेत होता ना? घ्या, आले.

आता हितेंद्रच्या मुलीबद्दल सांगते, कारण माझ्या कुळाची चौकशी करणारं या शहरात तेवढंच माणूस मला भेटलं. तिचं नाव स्पृहा. प्राणिशास्त्र शिकते, आणि मुंबईत आमच्या कुळातल्या कोणत्या जाती कुठे कुठे राहतात याचा तिने अभ्यास घेतला आहे. चाळीतल्या बायकांना आधी ते खरंच वाटलं नाही. फुलपाखरं समजू शकतो, पण कसर? मुलगी एवढी शिकली आणि कोळिष्टकं बघत फिरते, असं दर्शनाच्या माहेरीही बोलून झालं.

पण ती फिरली. गिरगावातल्या जुन्या घरांचे माळे, दादरच्या गच्च्या, परळच्या इस्पितळांमागच्या भिंती, लालबागच्या गल्ल्या. घरी येऊन कॉटवर बसायची आणि रखमाला सगळं सांगायची; खाली ट्रंकेत मी ऐकायचे. त्यातून मला माझी भावकी कळली. आमची एक चुलत शाखा भिंतीवर राहते. भोपळ्याच्या बीसारखी करडी चपटी पिशवी भिंतीवरून सरकताना तुम्ही पाहिली आहे, आणि कचरा समजून झाडूने पाडलीही आहे. ती बिचारी कोळ्याच्या जाळ्यांवर आणि तुमच्या गळलेल्या केसांवर जगते. तुमचं घर झाडून देते म्हणा ना. एक शाखा कबुतरांच्या घरट्यांत पिसं खाऊन सुखात आहे. एक झाडाच्या खोडावरच्या अळंब्यांत, एक घुबडाने ओकून टाकलेल्या केसांच्या गोळ्यांत. आमच्या दूरच्या नात्यातले कोणी तर दुसऱ्या खंडात मेलेल्या जनावरांची शिंगं खातात म्हणे. जिथे म्हणून काही मरतं, गळतं, टाकून दिलं जातं, तिथे आमचं कोणी ना कोणी असतं. आम्ही उरलेलं खातो. उभं, जिवंत, चालतं काही आम्ही आजवर खाल्लेलं नाही. ते खाणारे वेगळे.

स्पृहाच्या नकाशावर सगळीकडे ठिपके पडले. माझ्या जातीचा, लोकर खाऊन नळीचं घर विणणारीचा, एकही पडेना. आता मुंबईत ती मिळायची नाही, असं तिच्या सरांनीही सांगून टाकलं. लोकरच कुठे उरली आहे? स्पृहा घरोघर विचारायची, काही लोकरीचं आहे का. लोक हौसेने शाली काढून दाखवायचे. गिरगावातल्या एका अण्णांकडे तर माळाभर शाली निघाल्या. मंडळाचा सत्कार, पतपेढीचा सत्कार, ज्येष्ठ नागरिक म्हणून सत्कार. जिथे नारळ तिथे शाल. अण्णांनी एकेक शाल उलगडून कोणी दिली ते सांगितलं. स्पृहाने प्रत्येकीचा एक धागा काढून जाळून पाहिला. सगळ्या वितळल्या. लोकर जळते, वितळत नाही. इतक्या सत्कारांत एकही शाल खरी नव्हती. त्यावर अंडी घातली तर आमची पिल्लं उपाशी मरतील, पण अण्णांना ऊब वाटते, वाटू दे.

सगळी मुंबई पालथी घातली या मुलीने, आणि ज्या कॉटवर बसून सांगत होती तिच्याखाली बघितलं नाही. ट्रंकेत काय आहे ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हितेंद्रने त्या कोटाचा विषय घरात कधी निघू दिला नव्हता.

मग नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. पटांगणात मांडव घालून प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याचा सत्कार झाला आणि रखमाच्या खांद्यावर शाल पडली. तसलीच, वितळणारी. दुसऱ्या दिवसापासून चाळीत बांधाबांध सुरू झाली. गॅलरीत ढीग पडू लागले. पाटे, वरवंटे, पितळी बंब, पाळणे. आणि ढिगाढिगावर माझं नाव. या गोधडीला कसर लागली आहे, टाक. त्या फळीला कसर लागली आहे, टाक. लाकडाला! मी लाकूड खाते? कोणी 'आम्हाला हे आता नको आहे' असं सरळ म्हणेना. टाकायचं यांनी आणि निमित्त मी.

मी तेव्हा कोशातून बाहेर येऊन पंखांची झाले होते. पोटात अंडी होती, दिवस थोडे उरले होते, आणि अंडी घालायला सगळ्या करी रोडमध्ये मला ठाऊक असलेली एकच जागा होती. तो कोट.

रखमालाही तेवढंच हवं होतं. बाकी सगळं तिने मुकाट्याने सोडलं, अगदी जातंसुद्धा. पण ह्येंचो कोट नव्या घरात यायला हवा, खुंटीवर लागायला हवा, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. हितेंद्र हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. शेवटच्या दिवशी रखमा देवांचे फोटो उतरवत असताना त्याने ट्रंक ओढली, कोट काढला आणि थेट गॅलरीतल्या ढिगावर नेऊन टाकला. रखमाने ते पाहिलं.

"आई, प्लीज," तो म्हणाला. "कसर लागलीय त्याला. नवीन फर्निचर आहे तिथे, सगळीकडे पसरेल."

आणि भोक सगळ्यांना दिसेल असा त्याने कोट वर धरला.

मी घडीतून बाहेर पडून त्याच्या मनगटावरून कोटाच्या बाहीकडे पळत होते. मला आवाज असता तर त्या दिवशी गॅलरी दणाणून सोडली असती. पंचवीस वर्षांमागचं खोटं हा माणूस पुन्हा तोंडावर फेकत होता, तेही आपल्या म्हाताऱ्या आईच्या, आणि पुन्हा माझ्याच नावाने.

कसर हा शब्द ऐकून स्पृहा मात्र हातातलं खोकं टाकून धावली. कोट तिने बापाच्या हातातून जवळजवळ ओढला, कॉलर उलटी केली, भिंग लावलं आणि तिथेच मांडी घालून बसली. कॉफी रंगाच्या नळ्या तिला दिसल्या होत्या. सगळी मुंबई हिंडून मिळाली नाही ती ही, आपल्याच घरात, असं ती पुनःपुन्हा बोलत राहिली. माझ्या अख्ख्या कुळात कोणाकडे बघून एवढा आनंद झालेला माणूस मी ऐकलेला नाही. मग बघता बघता तिचं भिंग छातीवरच्या भोकाशी आलं आणि थांबलं.

"पप्पा, हे तिचं नाहीये," ती म्हणाली. "ती अशी सरळ रेषेत नाही खात. चारी बाजू बघा ना, कट आहे हा."

अखेर कोणीतरी म्हणालं! मी कोटाच्या बाहीवर जागच्या जागी थांबले. हितेंद्र म्हणाला की जुना कपडा आहे, फाटला असेल कुठेतरी, आता उशीर होतोय, टेम्पो खाली आलाय. तेव्हा रखमा हातातला फोटो घेऊन पुढे आली.

"ह्यां कसरीन खाल्लेलां नाय. कात्रीन कापलेलां आसा. माका तेवाच कळलां." आवाज चढवला नव्हता तिने. मग म्हणाली, "ह्येंका पण कळलां होतां."

रखमाने तसंच शांतपणे सगळं सांगितलं. दादरची माणसं यायची होती ती सकाळ, ब्लेड, कात्री; मोरीच्या पडद्याआडून तिने पाहिलं होतं. रघुने तर कडेवरून बोट फिरवताच ओळखलं, जन्मभर कापड हाताळलेला माणूस तो. त्या रात्री तो पाळीला जाताना तिला जिन्यात एवढंच म्हणाला होता, की पोराला काही बोलू नकोस. स्पृहाने विचारलं, मग इतकी वर्षं हे कसरीच्या नावावर का राहू दिलंस आजी?

"पोराची लाज रवली," रखमा म्हणाली. "कसरीचां काय जातां?"

ऐकलंत? माझं काय जातं! म्हणजे आळ चुकून आला नव्हता. तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांनीही एकमेकांना सांभाळून घेताना तो माझ्या माथी मारला होता. मुलाने भीतीपोटी, बापाने मायेपोटी, आईने घर मोडू नये म्हणून. तुमचं घर टिकावं म्हणून चोर मी व्हायचं. आणि राग कोणावर काढू? त्या बाईने दर वर्षी कोटाला ऊन दाखवताना माझ्या नावाने बोटं मोडली, आणि दर वर्षी तोच कोट जिवापाड जपून माझ्या पिढ्या पोसल्या. तिच्यावर धड चिडताही येत नाही, याचीच मला जास्त चीड येते.

हितेंद्रने भांडण काढलं नाही. टेम्पोवाला खालून हाका मारत होता तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो आत गेला, ऑफिसच्या बॅगेचा आतला कप्पा उघडला आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक चौकोनी तुकडा आणून ट्रंकेच्या झाकणावर ठेवला. बिल्ला. मागे कॉफी रंगाचं कापड, कडेने रघुची शिवण, जशीच्या तशी. कितीतरी बॅगा बदलल्या असतील त्याने, पण तुकडा या बॅगेतून त्या बॅगेत जात राहिला होता. कापायला धजला आणि टाकायला धजला नाही, असा हा माणूस.

रखमाने तुकडा भोकावर ठेवून पाहिला. नीट बसला. मग तिने तो परत झाकणावर ठेवला.

"ह्यो कोट थंय खुंटयेर लागतलो," ती म्हणाली.

"तिथे खुंटी नाहीये, आई."

"मगे ठोक."

"ठोकतो," हितेंद्र म्हणाला आणि खाली बघू लागला.

मला वाटलं, सुटले. नाव धुतलं गेलं, कोट वाचला, आता पिल्लांना घर मिळालं. किती भोळी असते बघा कसर! कारण पुढच्याच क्षणी दर्शनाने रास्त प्रश्न विचारला, की भोक तिचं नसेल, पण अळ्या तर आहेत ना, मग हा कोट घरात न्यायचा कसा? आणि उत्तर कोणी द्यावं? माझ्या एका ठिपक्यासाठी शहर पालथं घालणाऱ्या स्पृहाने. सोपं आहे मम्मी, ती म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, अंडीसुद्धा उरत नाहीत. मग मी कशी आवडते बाई तुला? मेलेलीच? त्यावर रखमाला काळजी पडली ती सुरमई कुठे ठेवायची याची.

आता न्याय बघा. तुमचं खोटं चाललं असतं, तर कोट कचऱ्यात गेला असता आणि माझी पिल्लं त्या कचऱ्यात सुखाने वाढली असती. खरं बाहेर आलं, मी निर्दोष ठरले, म्हणून कोट मौल्यवान झाला, म्हणून त्यातल्या माझ्या लेकरांना गोठवून मारायचं. दोषी असते तर जगले असते. असा निवाडा तुमच्यातच होऊ शकतो.

त्या गडबडीत मी बाहीवरून उतरले आणि ट्रंकेच्या झाकणावरून पळाले. पळण्यात आम्ही माद्या वाकबगार आहोत, मघाशी सांगितलंच. पुढे काय केलं ते शेवटी सांगते. परत फिरताना स्पृहाच्या नजरेला पडले आणि तिने काचेची नळी माझ्यावर अलगद पालथी घातली. टाळी नाही वाजवली, तेवढं तिचं ऋण मानते.

सध्या मी या नळीत आहे. तोंडाशी औषधात भिजवलेला बोळा कोंबला आहे. कापसाचा! ज्याला जन्मात तोंड लावलं नाही तोच कापूस शेवटी नाकाशी आला. नळीवर स्पृहाने चिठ्ठी चिकटवली आहे. आधी तिने नव्या टॉवरचं नाव लिहायला घेतलं, कारण घरचा पत्ता आता तोच. रखमाने वाचायला लावलं आणि ते खोडायला सांगितलं. मग तिने लिहिलं: बुधाजी चाळ, करी रोड, लोकरीच्या कोटावर. तिच्या नकाशावर आता माझा ठिपका पडेल. तो छापून होईल तेव्हा त्या ठिपक्याखाली चाळ नसेल.

मला गुंगी येऊ लागली आहे, तेव्हा आटोपतं घेते. विनंती वगैरे करणार नाही, तुमच्याकडून काही मिळेल अशी आशा मी सोडली आहे. फक्त एवढं ऐकून ठेवा. यापुढे काही टाकायचं असेल तर आपल्या नावावर टाका. काही कापलं असेल तर कात्री कोणाच्या हातात होती ते सांगा. आणि हवेत पाखरू दिसलं तर टाळी वाजवण्याआधी घडी उलगडून बघा, आत कोण खातंय ते.

हां, ते शेवटचं राहिलं. नव्या घरच्या फ्रीजरसाठी कोट पिशवीत बांधला गेला, पण तो तुकडा त्यात गेला नाही. कोट फ्रीजरमधून बाहेर आला की वर शिवून टाकू म्हणून दर्शनाने तो सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवला आहे, आणि तो डबा टेम्पोत केव्हाच चढला आहे. बिल्ला नायलॉनचा, तो कोणालाच पचणार नाही. पण त्याच्यामागे रघुच्या हातची लोकर आहे, शिवणीखाली चांगला काळोख आहे, आणि माझी सगळी अंडी मी तिथे चिकटवून आले आहे.

खुंटी नीट ठोक रे हितेंद्र. आम्ही येतोय. अजून थोडी कसर बाकी आहे.